'ढ', 'हुशार' आणि नोंदवहीतली भाषा

मराठी शाळेत एका अक्षराची शिवी झाली आहे: 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचं वळण फारसं बदललं नाही, म्हणून पुढे न सरकणारं पोर 'ढ', असं सांगतात. व्युत्पत्ती खरी असो-नसो, पोराला अर्थ नेमका कळतो: तू बदलणार नाहीस.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची ठरलं. 'ढ' कागदावरून गेला. त्याच्या जागी आलं काय? 'सुधारणेस वाव आहे.' अहो, कशात वाव? हातच्याच्या वजाबाकीत की जोडाक्षरात? तयार नोंदी व्हॉट्सॲपवर फिरतात आणि एकच वाक्य अर्ध्या वर्गाला चिकटतं. ही भाषा सभ्य आहे, पण ती तपासणीला येणाऱ्या साहेबांशी बोलते, मुलाशी नाही. दोन शिक्षक, चार इयत्ता आणि वर ऑनलाइन माहिती भरणं, हे आम्हाला दिसतं. तरी नोंद पोकळच राहते.

'हुशार' म्हणणंही तितकं निरुपद्रवी नाही. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग मांडले. बुद्धीची स्तुती झालेली मुलं अवघड कोड्यांत अडल्यावर लवकर खचली. प्रयत्नांची स्तुती झालेली टिकून राहिली.

पण आपल्या बारामती-इंदापुरात एवढ्यानं भागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने सुरू झाले की बीडकडच्या टोळ्या येतात. कोपीवर धाकटं भावंड सांभाळून शाळेत आलेल्या मुलीला 'मेहनत कर' काय सांगायचं? ती मेहनतच करतेय. तिला पहिल्या दिवशी जर ऐकू आलं, 'तू काय, पट्टा पडला की जाणार', तर ती दुसऱ्या दिवशीपासून फडातच दिसते. 'तुमच्या शाळेत पुस्तक कुठवर आलं होतं गं?' हे विचारायला वेळ तेवढाच लागतो. मग पुढचं वाक्य: 'काल सात गुणाकार चुकले, आज दोनच. हातचा मिळवायला विसरतेस.' यात स्तुती नाही, पण उद्या काय करायचं ते तिला कळतं.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. हंगाम संपून ती निघाली, की त्यासोबत भागाकारात ती कुठवर पोचली एवढी एक ओळ लिहून द्या. गावाकडच्या बाईंना तिथून सुरू करता येईल.