रॉकवेल टाइपाचें ठळक तिरपें वळण

ग्रंथाच्या मजकुराची चिकित्सा करणारे टीकाकार पुष्कळ. पण तो ज्या टाइपांत छापला त्याच्या स्वभावाची चिकित्सा क्वचितच होते. म्हणून इंग्लंडांतील मोनोटाइप कंपनीनें १९३४ सालीं काढलेल्या रॉकवेल टाइपाचें ठळक तिरपें वळण आज आम्ही परीक्षणास घेतलें आहे.

रॉकवेलचें कूळ जुनें आहे. रोमन अक्षरांच्या टोकांस जीं बारीक नखें असतात त्यांस सेरिफ म्हणतात. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सच्या १८१५ च्या नमुनापुस्तकांत या नखांच्या जागीं जाड चौकोनी पट्ट्या आल्या. भिंतीवरच्या जाहिरातींस दुरून डोळ्यांत भरणारें अक्षर हवें होतें. ती गरज या स्लॅब सेरिफ टाइपांनीं भागविली. पुढें १८४५ त रॉबर्ट बेस्लीचा क्लॅरेंडन निघाला. बारीक मजकुरांत एखादा शब्द उठून दिसावा म्हणून, विशेषतः कोशांतील मूळ शब्दासाठीं, तो फार उपयोगी पडला. सारांश, ठाम उभें राहणें हा या कुळाचा धर्म.

तिरप्या अक्षराचा धर्म निराळा. १५०१ सालीं व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसनें व्हर्जिलची कविता इटालिक टाइपांत छापली, तेव्हां त्याच्यापुढें हाताचें धांवतें लेखन होतें. खऱ्या इटालिकांत लेखणीच्या ओघानें अक्षराचें रूपच पालटतें; धाकटा दुमजली 'ए' एकमजली होतो. रॉकवेलमध्यें तो दुमजलीच राहतो, कारण तेथें उभींच अक्षरें कलतीं केलेलीं आहेत. उभ्या रेघा झुकल्या, पण पायांखालच्या पट्ट्या जमिनीशीं समांतरच राहिल्या. पाय रोवून पुढें झुकलेल्या मल्लासारखी ही आकृति दिसते. तींत आवेश आहे, पण गति नाहीं.

हा आवेश दोनचार शब्दांच्या मथळ्यांत, वेष्टनावर किंवा नाटकाच्या जाहिरातींत शोभतो. तेथें या वळणाइतका खणखणीत टाइप थोडाच सांपडेल. परंतु याच टाइपांत सबंध परिच्छेद छापला म्हणजे जाडी, कल आणि पट्ट्या हे तिन्ही जोर एकमेकांस मारतात, आणि दुसऱ्या ओळीलाच डोळा थकतो. जो मनुष्य प्रत्येक वाक्य ओरडून बोलतो, त्याला कोणत्या वाक्याची तळमळ आहे तें श्रोत्यांस कळत नाहीं.

आम्हां मराठी वाचकांस यांतून एक बोध घेण्याजोगा आहे. संगणकाची एक कळ दाबली कीं आपलीं अक्षरेंही ठळक आणि तिरपीं होतात, व कित्येक स्मरणिकांतून तसे सबंध मजकूर छापलेले दिसतात. शिरोरेघ आडवीच राहते, काना मात्र कलतो. रोमन लिपींत त्या कलाच्या मागें इटालिक हस्ताक्षराची परंपरा उभी आहे. देवनागरींत तशी परंपरा नाहीं. आपल्याला एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा तर जाड टाइप पुरेसा आहे. आणि त्याचीही गरज पडूं नये अशी वाक्यरचना करणें हें लेखकाचें काम आहे, मुद्रकाचें नव्हे.