विसरभोळ्यांचें वाङ्मय

विसरभोळा माणूस हा विनोदी वाङ्मयाचा फार जुना आश्रित आहे. प्रहसनकारास प्रसंग सुचेनासा झाला, कीं त्यानें एक विसरभोळा रंगभूमीवर आणून सोडावा. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या त्या गृहस्थास पाहून प्रेक्षकांनीं पोट धरून हसावें. आणि पडदा पडल्यावर त्या गृहस्थाचें पुढें काय झालें, हें मात्र कोणीहि विचारूं नये, असा जणूं संकेतच ठरून गेला आहे. गेल्या तीसपस्तीस वर्षांत इंग्रजींत एक नवें वाङ्मय निर्माण झालें असून त्यानें नेमका हाच प्रश्न विचारला आहे. वैद्यकांत ज्याला ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसॉर्डर’, संक्षेपानें एडीएचडी, म्हणतात व ज्याला ह्या लेखापुरतें आम्ही अवधानविकार म्हणूं, तो विकार घेऊन प्रौढ माणसानें संसार व व्यवसाय कसा करावा, हा ह्या वाङ्मयाचा विषय होय. त्याची गणना ललित वाङ्मयांत कोणी करणार नाहीं. तथापि मनुष्यस्वभावाच्या एका दुर्लक्षित अंगाचें जें दर्शन त्यांत घडतें, तें पाहतां वाङ्मयाच्या अभ्यासकानें त्याकडे पाठ फिरविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

प्रथम जुनें चित्र पाहूं. ला ब्रुयेर ह्या फ्रेंच लेखकाचा मनुष्यस्वभावाचीं चित्रें रेखाटणारा प्रसिद्ध ग्रंथ १६८८ सालीं प्रकाशित झाला, आणि त्याच्या पुढील एका आवृत्तींत मेनाल्क नांवाच्या विसरभोळ्याचें दीर्घ शब्दचित्र आलें. मेनाल्क जिना उतरून बाहेर पडण्यासाठीं दार उघडतो, आणि डोक्यावर अजून रात्रीची टोपी आहे हें ध्यानांत येतांच तें पुन्हां लावून घेतो. राजवाड्यांत झुंबराखालून जातांना त्याचा केसांचा टोप वर अडकून राहतो. सारे दरबारी हसतात, मेनाल्क सर्वांहून मोठ्यानें हसतो, आणि टोप हरवलेला इसम कोण म्हणून चोहोंकडे पाहूं लागतो. फांसे टाकण्याची पाळी येतांच तो पेल्यांतलें पाणी पटावर ओततो व फांसे गिळतो. सकाळीं स्वतःचें लग्न लागल्याचें त्याला रात्रीं स्मरत नाहीं. कांहीं वर्षांनीं ती पत्नी वारते, हा तिच्या अंत्यविधीस हजर राहतो, आणि दुसऱ्या दिवशीं पान वाढल्याची वर्दी आली असतां, पत्नीला कळविलें आहे ना, म्हणून विचारतो. हें एका व्यक्तीचें स्वभावचित्र नसून विस्मृतीच्या प्रकारांचा संग्रह आहे, असें ला ब्रुयेरनें स्वतःच टीपेंत म्हटलें आहे. आमच्या मतें त्या चित्रावर याहून मार्मिक टीका दुसऱ्या कोणासहि करतां आली नसती. किश्शांमागून किस्से येतात. पण ते ज्याच्यावर गुदरतात तो माणूस त्यांत कोठेंच सांपडत नाहीं.

पुढें एकोणिसाव्या शतकांत फ्रॅंकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमन ह्यांनीं आपल्या लहान मुलासाठीं रचलेलें सचित्र पद्यपुस्तक १८४५ सालीं छापलें गेलें, व त्याच्या वाढत गेलेल्या रूपांत चुळबुळ्या फिलिपची कथा आली. जेवणाच्या मेजाशीं खुर्ची झुलवतां झुलवतां फिलिप वरचें कापड ओढतो, आणि भांडीं, अन्न व फिलिप हीं सारीं एकदमच जमिनीवर येतात. आईबापांना उपाशी राहावें लागतें. आमच्याकडे गडकऱ्यांनीं ‘प्रेमसंन्यासां’त गोकुळ निर्माण केला, आणि न्यायालयांतील त्याच्या साक्षीनें महाराष्ट्राला इतकें हसविलें, कीं ‘विसरभोळा गोकुळ’ हें आतां विशेषनाम न राहतां सामान्यनाम होऊन बसलें आहे. विनोदाचा हसण्याचा हक्क आम्ही नाकारीत नाहीं. गोकुळाच्या साक्षीला जो हसत नाहीं, त्याच्या रसिकतेविषयीं आम्हांस शंकाच येईल. आमचें म्हणणें एवढेंच, कीं हीं तिन्ही चित्रें बाहेरून काढलेलीं आहेत. त्यांत विसरणारा दिसतो, विसरण्याचें दुःख दिसत नाहीं. शिवाय हे तिघेहि पुरुष आहेत, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे आम्हांस पुढें वळावयाचें आहे.

वैद्यकानें हा विषय अगदीं अलीकडे हातीं घेतला असें मात्र नव्हे. अलेक्झांडर क्रिक्टन ह्या स्कॉटिश वैद्यानें १७९८ च्या आपल्या ग्रंथांत अवधान व त्याचे विकार ह्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. १९०२ सालीं जॉर्ज स्टिल ह्यांनीं लंडन येथील व्याख्यानांत, बुद्धि शाबूत असूनहि स्वतःला आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन केलें. परंतु त्या उणीवेला त्यांनीं नैतिक संयमाची उणीव म्हटलें, आणि ‘नैतिक’ ह्या शब्दाची छाया ह्या विषयावरून अद्यापि पुरती हटलेली नाहीं. १९३७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स ब्रॅडली ह्यांना असें आढळलें, कीं बेन्झेड्रिन हें उत्तेजक औषध दिलें असतां कित्येक चंचल मुलें उलट शांतपणें अभ्यासास लागतात. तरीहि हा बालपणाचा विकार असून वयाबरोबर तो ओसरतो, असाच समज दीर्घकाळ होता. प्रौढांतील विकाराचा विचार नीटपणें होऊं लागला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेनें २०१३ सालीं काढलेल्या निदानपुस्तिकेंत मुलांसाठीं नऊपैकीं सहा लक्षणें आवश्यक मानलीं, तर सतरा वर्षांवरील व्यक्तीस पांच पुरेशीं ठरविलीं. मात्र कांहीं लक्षणें बाराव्या वर्षापूर्वींच दिसलेलीं असावीं, आणि तीं घर, शाळा, कचेरी अशा एकाहून अधिक ठिकाणीं आढळावीं, अशी अट घातली. प्रौढांत शेंकडा सुमारें अडीच जणांना हा विकार असावा, असा एक अंदाज आहे.

ह्या पार्श्वभूमीवर केट केली व पेगी रॅमुंडो ह्या दोघींचें पुस्तक १९९३ सालीं आणि एडवर्ड हॅलोवेल व जॉन रेटी ह्या मनोवैद्यांचें ‘ड्रिव्हन टु डिस्ट्रॅक्शन’ १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. पहिल्याचें नांवच बोलकें आहे: म्हणजे मी आळशी, मूर्ख वा वेडा नाहीं तर, असा सुटकेचा उद्गार त्यांत काढलेला आहे. दुसऱ्याचे दोन्ही लेखक स्वतः ह्या विकाराचे धनी आहेत, आणि तसें ते उघडपणें सांगतात. वाङ्मयदृष्ट्या हा बदल आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. जो तीनशें वर्षें तृतीय पुरुषीं होता, तो येथें प्रथम पुरुषीं बोलूं लागला. मेनाल्कला आवाज फुटला, आणि त्यानें सांगितलें तें कोणाच्या कल्पनेंत नव्हतें. त्याच्याजवळ अवधान नाहीं असें नव्हे; तें त्याच्या आज्ञेंत नाहीं. नको त्या कामांत तें रात्र रात्र बुडून राहतें, आणि हव्या त्या कामावर चार मिनिटें ठरत नाहीं. त्याला काळ दोनच: आतां, आणि आतां नाहीं. उद्यां द्यावयाचा अर्ज व पुढील वर्षीं द्यावयाचा अर्ज हे दोन्ही त्याच्या लेखीं सारखेच दूर असतात. आणि ती उद्यां उजाडली, कीं तो धांवत सुटतो. ‘बुद्धि आहे, पण लक्ष नाहीं’ हा आम्हां शिक्षकांचा आवडता शेरा आहे. त्या शेऱ्याच्या पलीकडे काय असतें, हें ह्या पुस्तकांनीं शिक्षकवर्गाला दाखविलें, हे त्यांचे उपकारच समजले पाहिजेत.

परंतु ह्या वाङ्मयांत एक मोठा दोष शिरला आहे. लज्जेचें ओझें उतरवितां उतरवितां त्यांतील कित्येक लेखक विकारालाच देणगी म्हणूं लागले, आणि मोझार्ट, एडिसन, आइन्स्टाइन अशा दिवंगत थोरांना आपल्या पंक्तीस बसवूं लागले. मृताची नाडी पाहणें हें वैद्यकाला शोभत नाहीं व टीकेलाहि शोभत नाहीं. आम्हां इंग्रजीच्या अध्यापकांना कोलरिजच्या अपुऱ्या राहिलेल्या कृतींविषयीं असें निदान करण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. पण त्याच्या अफूच्या व्यसनाचें काय करावयाचें? आणि निदान खरें ठरलें, तरी त्याच्या काव्याची एक ओळ तरी अधिक कळणार आहे काय? शिवाय ज्याची नोकरी तिसऱ्यांदा सुटली, ज्याच्या विजेच्या देयकावर दर महिन्यास दंड चढतो, त्याला ‘तुला देणगी मिळाली आहे’ असें सांगणें हें सांत्वन नव्हे, थट्टा आहे.

ह्या दृष्टीनें मानसशास्त्रज्ञ रसेल बार्क्ले ह्यांचें २०१० सालचें ‘टेकिंग चार्ज ऑफ ॲडल्ट एडीएचडी’ हें पुस्तक आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें. बार्क्ले देणगीची भाषा मुळींच मान्य करीत नाहींत. त्यांचें मुख्य प्रतिपादन असें, कीं काय करावें हें ह्या माणसाला ठाऊक असतें. ठाऊक असलेलें ऐन वेळीं हातून घडत नाहीं, ही त्याची अडचण. अर्थात् उपदेशानें हा विकार हटत नाहीं, कारण उपदेश ज्ञानांत भर घालतो, आणि ज्ञान येथें कमी नसतेंच. म्हणून जें डोक्यांत टिकत नाहीं, तें डोक्याबाहेर ठेवावें: किल्ल्यांना दाराशींच खुंटी, कामाच्या जागीं डोळ्यांसमोर घड्याळ, लेखी यादी, मोठ्या कामाचे छोटे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला लगोलग कांहीं बक्षीस. मेथिलफेनिडेटसारखीं उत्तेजक व ॲटोमॉक्सेटिनसारखीं अनुत्तेजक औषधें तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीं पुष्कळांना गुणकारी ठरतात, हेंहि बार्क्ले निःसंकोचपणें सांगतात. त्यांची शैली रुक्ष आहे व पुनरुक्ति फार आहे. पण वाचतां वाचतां ज्याचें मन भरकटतें, त्याच्यासाठीं लिहिलेल्या ग्रंथांत पुनरुक्ति हा दोष म्हणावा कीं गुण, हें ठरविणें कठीण आहे. दैनंदिन व्यवहारासाठीं त्यांनीं जे आठ नियम घालून दिले आहेत, त्यांतील शेवटचा विनोदबुद्धि बाळगण्याचा आहे, हें पाहून आम्हांस विशेष समाधान वाटलें. मेनाल्कला जग हसत होतें, आणि कोणाला हसतें आहे हें न कळून तोहि हसत होता. येथें तो जाणूनबुजून स्वतःला हसूं लागला आहे.

आतां मघाशीं राखून ठेवलेल्या गोष्टीकडे वळूं. जें डोक्यांत टिकत नाहीं तें डोक्याबाहेर ठेवावें, हें तत्त्व मान्य. पण हें ‘बाहेर’ म्हणजे कोण? मराठी घरांत तें पुष्कळदां खुंटी वा यादी नसून आई किंवा पत्नी असते. डबा, चष्मा, छत्री, विम्याचा हप्ता, सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथि, हें सारें तिच्या डोक्यांत ठेवून घरचा विसरभोळा निर्धास्तपणें विसरतो, आणि आम्ही त्याला कौतुकानें गोकुळ म्हणतों. विनोदी वाङ्मयांतील हें हास्य दुसऱ्या कोणाच्या तरी स्मरणशक्तीवर उभें असतें. मेनाल्कच्या पत्नीला ला ब्रुयेरनें नांवहि दिलें नाहीं. ती केवळ विसरली जाण्यापुरती त्या चित्रांत येते.

आणि विसरणारी स्त्रीच असली तर? तिच्यासाठीं कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. सर्वांचें लक्षांत ठेवणें हेंच तिचें काम मानलेलें असतें. दूध उतूं गेलें, मुलाची शाळेची सही राहिली, पाहुणे दाराशीं आले आणि घर पसरलेलें आहे, कीं तिला ‘गोकुळ’ कोणी म्हणत नाहीं. ‘वेंधळी’ म्हणतात, आणि तिच्या माहेरचा उद्धार होतो. सारी सोल्डन ह्यांनीं १९९५ सालीं केवळ अशा स्त्रियांविषयींच एक पुस्तक लिहिलें. नीटनेटकी गृहिणी होतां येत नाहीं म्हणून स्वतःविषयीं वाटणारी जी लाज त्यांनीं वर्णिली आहे, ती वाचतांना तें अमेरिकेंतील घर आहे ह्याचा आम्हांस वारंवार विसर पडला. मुलींत धांवपळीपेक्षां आंतल्या आंत हरवून जाणें अधिक आढळतें. त्या वर्गांत कोणास त्रास देत नाहींत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि निदान झालेंच तर तें पुष्कळदां अर्धें आयुष्य गेल्यावर होतें. ह्या वाङ्मयांतील आम्हांस सर्वांत मोलाचें वाटलेलें पुस्तक हेंच. हॅलोवेल-रेटी ह्यांनीं दांपत्यांसाठीं एक प्रकरण दिलें आहे हें खरें. परंतु एका जोडीदाराचें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर किती काळ ठेवावयाचें, हा प्रश्न गृहिणीच्या बाजूनें सोल्डन जितक्या तीव्रतेनें जाणवून देतात, तितक्या तीव्रतेनें तो इतरत्र जाणवत नाहीं.

आजकाल प्रत्येकाच्या हातांत मोबाईल आहे, प्रत्येकाचेंच चित्त उडालेलें आहे, मग हें दुखणें म्हणजे एक टूम नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. त्यांत थोडें तथ्य आहे: चार विसराळूपणाच्या खुणा जुळल्या, कीं निदान स्वतःच करून मोकळें होणारे लोक आहेत. परंतु वर सांगितलेली बालपणाची अट ह्याचसाठीं आहे. चित्त सर्वांचेंच भरकटतें; त्यापायीं सर्वांचीच नोकरी, संसार व स्वतःविषयींचा आदर पणाला लागत नाहीं.

मराठींत ह्या विषयावर कोणी लिहावयास घेईल, त्यानें ह्या इंग्रजी पुस्तकांचा केवळ अनुवाद करूं नये, अशी आमची सूचना आहे. अमेरिकेंतील वाचकापाशीं पैसे देऊन नेमलेला मार्गदर्शक असूं शकतो. आमच्या वाचकापाशीं माणसांनीं भरलेलें घर असतें, आणि त्यांतील एकच व्यक्ति सर्वांसाठीं जागी असते. घड्याळ, खुंटी, यादी व औषध ह्यांचा खरा उपयोग तो विसरणाऱ्याला जितका, तितकाच त्या जागणाऱ्या व्यक्तीला आहे. तिच्या डोक्यावरचा भार भिंतीवर टांगतां आला, म्हणजे गोकुळाला हसण्याचा हक्क आम्हांस अधिक निर्मळ मनानें बजावतां येईल.