काचेतील शोमरोनी आणि तळाचे चर्मकार

फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रल ११९४ च्या आगीत मोठ्या प्रमाणात जळाले आणि पुढील काही दशकांत पुन्हा उभे राहिले. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बसविलेल्या त्याच्या रंगीत काचेच्या खिडक्यांपैकी बहुतांश आजही टिकून आहेत. ख्रिस्ती प्रतीकविद्येचा अभ्यास करू पाहणाऱ्यास यासारखे दुसरे साधन क्वचितच मिळेल. त्यांतील दक्षिण बाजूच्या एकाच खिडकीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तिचा विषय आहे चांगल्या शोमरोन्याचा दाखला.

हा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येतो. 'माझा शेजारी कोण?' असे एक शास्त्री येशूला विचारतो. उत्तरादाखल येशू एक कथा सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका प्रवाशाला लुटारू अर्धमेला करून टाकतात. एक याजक त्याला पाहून बाजूने निघून जातो. एक लेवीही तसेच करतो. शेवटी एक शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो. त्या काळी यहुदी समाज शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे कथेची धार कळते. धर्माचे अधिकारी नापास होतात आणि ज्याचा तिरस्कार केला जातो तोच मनुष्यधर्म पाळतो.

शार्त्रची खिडकी खालून वर वाचावयाची आहे. अगदी तळाशी जोडे शिवणारे चर्मकार आपल्या कामात दिसतात. त्यांच्यावर दाखल्यातील प्रसंग क्रमाने येतात. मात्र प्रवासी उतारशाळेत पोहोचल्यावर चित्रमालिका थांबत नाही. तेथून आदामाची निर्मिती, हव्वा, निषिद्ध फळ, नंदनवनातून हकालपट्टी आणि काइनाने केलेली हाबेलाची हत्या असे प्रसंग सुरू होतात. शिखरावर ख्रिस्त विराजमान आहे.

या जोडणीचे रहस्य ख्रिस्ती भाष्यपरंपरेत आहे. ओरिजेन आणि ऑगस्टीन यांच्यासारख्या आचार्यांनी या कथेचा रूपकात्मक अर्थ लावला. प्रवासी म्हणजे आदाम, अर्थात पतित मानवजात. यरुशलेम हे स्वर्गीय नगर, लुटारू म्हणजे सैतान व त्याचे साथी. याजक आणि लेवी म्हणजे मानवाला तारू न शकलेला जुना करार. शोमरोनी म्हणजे स्वतः ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे चर्च. बूर्ज आणि सेन्स येथील खिडक्यांतही हाच अर्थ चित्रित झाला आहे. फ्रेंच कलेतिहासकार एमिल माल यांनी १८९८ च्या आपल्या ग्रंथात या खिडक्यांचा उलगडा याच भाष्यांच्या आधारे केला आणि तो मूलतः योग्य आहे.

या रचनेची भव्यता नाकारण्याचे कारण नाही. एका वाटसरूच्या जखमेत अखिल मानवजातीची जखम पाहणे, ही थोर कल्पना आहे. परंतु या व्याप्तीसाठी काय मोजावे लागले, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे.

अंगुत्तर निकायात सुत्तांचे नेय्यत्थ आणि नीतत्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत. ज्याचा अर्थ अद्याप काढावयाचा आहे ते नेय्यत्थ. ज्याचा अर्थ स्पष्टच आहे ते नीतत्थ. एकाला दुसरे समजणारा तथागतांवर मिथ्या आरोप करतो, असे तेथे म्हटले आहे. ही कसोटी येथे उपयोगी पडते. लूकचा दाखला 'तूही तसेच कर' अशा आशयाच्या आज्ञेने संपतो. तो अर्थ उघड आहे. भाष्यकारांनी नीतत्थाला नेय्यत्थ केले.

याचा परिणाम गंभीर आहे. मूळ कथेत एक यहुदी आपल्याच समाजाच्या याजकाला दोष देतो. रूपकात तो दोष परक्या धर्मावर जातो आणि तेराव्या शतकातील ख्रिस्ती याजक त्यातून सहीसलामत सुटतो. एवढेच नव्हे, तर उतारशाळेचा मालक होतो. शोमरोनी देव झाला, म्हणून तो तिरस्कृत माणूस उरला नाही. ज्याचे अनुकरण करावयाचे त्याची आता केवळ आराधना करावयाची.

चित्रे ही निरक्षरांसाठी ग्रंथासारखी असतात, असे मत पोप ग्रेगरी यांनी इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेचे बिशप सेरेनस यांना लिहिलेल्या पत्रात मांडले होते. या खिडकीला ते पूर्णतः लागू पडत नाही. जखमी वाटसरू निरक्षरालाही ओळखता येईल. पण तोच आदाम आहे, हे काच सांगत नाही. ते सांगण्यास पुरोहितच लागतो.

आता तळाच्या चर्मकारांकडे वळू. ही खिडकी त्यांच्या दानाची खूण मानली जाते. जेन वेल्च विल्यम्स यांनी १९९३ च्या ग्रंथात या समजुतीला आव्हान दिले. व्यावसायिकांची ही चित्रे स्वयंस्फूर्त भक्तीपेक्षा चर्चच्या आर्थिक सत्तेचे दर्शन घडवितात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १२१० मध्ये शार्त्रच्या नागरिकांनी कॅथेड्रलच्या धर्माधिकाऱ्यांविरुद्ध दंगल केली होती, हे लक्षात घेता तो आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही.

हे चर्मकार आपल्याकडील अर्थाने अस्पृश्य नव्हते. तुलना ताणू नये. तथापि एक भेद नोंदविण्याजोगा आहे. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाला पूर्णघटाची शिला अर्पण करणारा चर्मकार विधिक आपल्याला नावाने ठाऊक आहे. पिता उपाध्याय नाग, तसेच आई, पत्नी, भाऊ, मुलगा व मुली यांचाही उल्लेख त्या शिलालेखात आहे. शार्त्रच्या चर्मकारांचे हात दिसतात, हत्यारे दिसतात. नावे मात्र नाहीत.

तरीही त्यांचे तेथे असणे महत्त्वाचे आहे. खिडकी खालून वाचावयाची असल्याने वाचनाचा आरंभ त्यांच्यापासूनच होतो. शोमरोनी वर जाऊन देव झाला, तरी काम करणारी माणसे तळाशी शिल्लक राहिली. दाखल्याचा प्रश्न मुळात अशाच माणसांविषयी होता. म्हणून या खिडकीचे परीक्षण करणाऱ्याने शिखराकडे पाहून झाल्यावर दृष्टी पुन्हा तळाशी आणावी.