अनुबोधपटकाराची कारकीर्द : सई परांजपे यांच्या निमित्ताने

आपल्या चित्रपटसमीक्षेत एक समज रूढ आहे. दूरचित्रवाणीसाठी अनुबोधपट करणारा निर्माता हा कथापटाच्या उंबरठ्यावरील उमेदवार होय, आणि तो आत गेला की त्याचे पूर्वीचे काम चरित्रातील एका वाक्यापुरते उरते, असा हा समज आहे. श्रीमती सई परांजपे यांच्याविषयी लिहिताना तो विशेष आढळतो. ‘स्पर्श’ (१९८०), ‘चष्मेबद्दूर’ (१९८१) आणि ‘कथा’ (१९८३) यांची चर्चा होते. दूरचित्रवाणीवरील वर्षे व नंतरचे अनुबोधपट यांची केवळ नोंद होते. हा क्रम उलटा केल्यास काय दिसते, हे पाहणे अगत्याचे आहे.

दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, ती आकाशवाणीची शाखा म्हणून. १९७६ मध्ये ती स्वतंत्र झाली. आरंभीचे अनेक निर्माते नभोवाणीतूनच आले. पु. ल. देशपांडे हे त्यांतील ठळक नाव. परांजपे याही पुण्याच्या आकाशवाणीवरून व राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून दिल्ली केंद्रावर गेल्या. त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ला १९७२ मध्ये आशियाई प्रसारण संघटनेचा पुरस्कार मिळाला.

या उमेदवारीचे फळ ‘स्पर्श’मध्ये दिसते. चित्रपट दिल्लीतील अंधशाळेत चित्रित झाला असून त्यातील मुले त्याच शाळेची आहेत. कॅमेरा त्यांच्याकडे करुणेने पाहत नाही. त्यांचे खेळ, चेष्टा व रुसवे तो शांतपणे टिपतो. ‘मदत हवी, दया नको’ ही नायकाची भूमिका संवादांत येण्यापूर्वीच चित्रणाच्या रीतीत आलेली असते. समोरच्या माणसाच्या वतीने आपण बोलू नये, हा अनुबोधपटाचा संयम येथे कथेस आधार देतो. उलट ‘चष्मेबद्दूर’च्या अखेरीस अपहरणाचा खटाटोप सुरू होतो, तेव्हा निरीक्षण मागे पडून प्रहसन पुढे येते व चित्रपटाची वीण सैल होते. परांजपे यांचे बळ कशात आहे, हे या तुलनेवरून कळून येते.

कथापटात यश आल्यावरही त्या अनुबोधपटाकडे वळल्या, ही बाब समीक्षकांनी पुरेशी विचारात घेतलेली नाही. फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी १९९३ मध्ये केलेला ‘चूडियाँ’ महाराष्ट्रातील एका खेड्यातील दारूविरोधी आंदोलनाविषयी आहे. तो माघार म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. गिरणीत आलेले खेडूत आणि गावी विहीर खणत राहिलेला माणूस यांचा ‘दिशा’ (१९९०) पाहिला, म्हणजे दोन्ही प्रकारांत एकच दृष्टी वावरत असल्याचे ध्यानात येते.

अशी दृष्टी केवळ प्रतिभेने येत नाही; तिला दीर्घ सराव लागतो, व सरावास वेतन लागते. संस्थेने ते दिले, परंतु नाव व कृती जपण्याची जबाबदारी मात्र पुरती घेतली नाही. जुन्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, आणि त्यांबरोबर कित्येक निर्मात्यांचे कर्तृत्वही पुसले गेले. ज्याची कृतीच उरत नाही, त्याची समीक्षा कशी व्हावी? परांजपे यांच्या जुन्या कामाची आठवण राहिली, त्यास कथापटांची कीर्ती पुष्कळ अंशी कारण आहे. ज्यांनी कथापट केले नाहीत, त्यांच्या वाट्याला हेही आले नाही.

आता संस्थेचा तो आधारही बदलला आहे. फिल्म्स डिव्हिजनचे काम २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले, आणि स्वतंत्र निर्माता एका कामावरून दुसऱ्या कामावर जगतो. विषयांची मात्र वाण नाही. नवी मुंबईतील कामोठे घ्यावे : १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, शेतजमिनी संपादित झाल्या, आणि जुन्या गावठाणाभोवती सेक्टरांच्या इमारती उभ्या राहिल्या. हे स्थित्यंतर एका आठवड्याच्या चित्रणात सापडणारे नव्हे. त्यासाठी वर्षानुवर्षे तेथे जाणारा निर्माता हवा, आणि त्या वर्षांत त्याचा चरितार्थ चालावयास हवा. अनुबोधपटाच्या समीक्षेने कृतीबरोबर या प्रश्नाचाही विचार केला पाहिजे.