‘आसूड’ आणि आयती चौकट

वसाहतोत्तर दृष्टीने लिहिलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत बहुधा एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) मधली पूर्व-पश्चिमेची चौकट आधी येते, मराठी पुस्तक नंतर. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ या चौकटीत मावत नाही. त्यात गुरांची चराऊ राने बळकावणारे जंगलखाते आहे, तसाच शेतकऱ्याला नाडणारा भट कामगारही आहे. गोरा साहेब आणि रयत यांच्यामधला हा तिसरा माणूस वगळला, की जात गळते आणि शोषण तेवढे परकीय उरते. तळी-बंधारे बांधा, असे सरकारला सुचवणारे फुले मग विकासाच्या प्रकरणातही येत नाहीत. सैद जरूर वाचावेत. पण फुल्यांना सिद्धांतकार मानून त्यांच्या प्रश्नांवर सैदांनाही तपासावे. एका प्रबंधाला पुरेल एवढे काम त्यात आहे.