अणुशक्तीचे दोन बोधपट : बखर कीं दप्तर ?

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. बखर बहुधा प्रसंगानंतर व कोणाच्या तरी आज्ञेवरून रचली जाते. कागद प्रसंगाबरोबरच जन्मास येतो. शास्त्रविषयक बोधपटांसही हीच कसोटी लावली पाहिजे, असें आमचें मत आहे. उदाहरणादाखल अणुशक्तीवरील दोन प्रसिद्ध अमेरिकन बोधपट घेऊं.

पहिला 'ए इज फॉर अ‍ॅटम' हा १९५३ चा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठीं जॉन सदरलँड यांच्या चित्रसंस्थेनें तो काढला. त्यांत अणुशक्ति ही योद्धा, शेतकरी, वैद्य, अभियंता व संशोधक अशा महाकाय पुरुषांच्या रूपानें अवतरते. दुसरा डिस्ने यांचा १९५७ चा 'अवर फ्रेंड द अ‍ॅटम'. त्याचा आधार कोळी व कुपींतील राक्षस यांची कथा होय. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या अरबी गोष्टींमुळें असल्या कथा आपणांस परिचित आहेत. उंदरांचे सापळे व चेंडू मांडून शृंखलाक्रिया समजावण्याची यांतील युक्ति खरोखर उत्तम आहे. शेवटीं राक्षसाकडून शक्ति, अन्न व आरोग्य, आणि शांतता असे तीन वर मागितले जातात.

तथापि साधन म्हणून पाहतां दोन्ही बोधपट बखरीच ठरतात. वर मोठे, हिशेब मात्र नाहीं. मूळ कथेंतील कोळी राक्षसास युक्तीनें पुन्हा कुपींत घालतो. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें ती युक्ति कोणास साधली नाहीं. आयसेनहौअर यांनीं डिसेंबर १९५३ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघापुढें शांततेसाठीं अणूची घोषणा केली. त्या सुमारास लोकांच्या मनांत कोणत्या आशा जागविल्या जात होत्या, याचा मात्र हे बोधपट अव्वल पुरावा होत.

आतां तो महाकाय शेतकरी जालना जिल्ह्यांतील हसनाबादच्या शिवारांत आणून पाहूं. तेथील शेतकऱ्यास चित्रापेक्षां हकीकत उपयोगी. ती अशी : मुंबईच्या ट्रॉम्बे येथें ४ ऑगस्ट १९५६ रोजीं 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, पुढें तेथील भाभा अणु संशोधन केंद्रानें किरणप्रयोगांतून पिकांचे नवे वाण काढले. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें १९८५ सालीं आलेला 'टीएयू-१' हा उडीद त्यांपैकींच. असल्या प्रयोगांचीं टिपणें ज्यांत नोंदलीं जातात, तें दप्तर म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची १९७० पासूनची माहितीसेवा. परंतु तिची किल्ली मुख्यत्वें इंग्रजींत आहे. बखर गांवांत पोंचावी व दप्तर कुलपांत राहावें, हा न्याय नव्हे.

संग्राहकांस आमची सूचना इतकीच. १९४८ सालीं स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजननें मराठींतही बोधपट काढले. ती संस्था २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली. जुनें रीळ हातीं आल्यास डबीवरील चिठ्ठी, साल, भाषा व खर्च करणाराचें नांव यांसह तें जपावें, आणि ज्या प्रयोगाची तें साक्ष देतें त्याचे कागद शोधून मराठींत त्यांचा गोषवारा सोबत ठेवावा. बोधपटाचें खरें मोल त्यानंतरच ठरवितां येईल.