महाराष्ट्राच्या सांस्कृतिक कार्य विभागाची रचना आणि जिल्ह्याचे स्थान : रायगड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात शासनाच्या सांस्कृतिक कार्याची चर्चा बहुधा धोरणाच्या अंगाने होते. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सिद्ध केलेले २०१० चे सांस्कृतिक धोरण आणि २०२४ मध्ये मान्यता मिळालेले नवे धोरण या दोन्ही प्रसंगी काय करावे याविषयी पुष्कळ लिहिले गेले. ते कोणत्या कार्यालयाने आणि कोणत्या पातळीवर करावे, हा प्रश्न मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा रायगड जिल्हा आणि त्याचे मुख्यालय असलेले अलिबाग यांच्या संदर्भात केली आहे. विभागाची रचना विषयवार आहे, स्थानवार नाही, आणि त्यामुळे जिल्हा हा सांस्कृतिक प्रशासनाचा घटकच ठरत नाही, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

घटनात्मक चौकट

संस्कृती हा विषय भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत एके ठिकाणी आढळत नाही. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संघसूचीत (नोंद ६७) आहेत. राज्याची ग्रंथालये, संग्रहालये व अन्य स्मारके राज्यसूचीत (नोंद १२), तर नाट्यगृहे व नाट्यप्रयोग त्याच सूचीच्या नोंद ३३ मध्ये आहेत. राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०) येतात. राज्याच्या वाट्याला संस्कृती आली ती अशी तुकड्यांनी. हे तुकडे जोडण्याचे काम प्रशासकीय रचनेने करावे अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पूर्ण झाली, हे पाहणे आवश्यक ठरते.

विभागाची रचना

दीर्घकाळ 'पर्यटन व सांस्कृतिक कार्य' या एकत्रित नावाने ओळखल्या गेलेल्या या विभागाच्या कक्षेत सांस्कृतिक कार्य संचालनालय, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, पुराभिलेख संचालनालय, दर्शनिका विभाग, पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आणि १९७७ मध्ये स्थापन झालेले चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ यांचा समावेश होतो. प्रत्येक कार्यालयाचा विषय स्पष्ट आहे व कामाची परंपराही जुनी आहे. पुराभिलेखागाराचा इतिहास तर १८२१ पर्यंत मागे जातो.

तथापि संस्कृतीशी निगडित अनेक कार्ये या कक्षेबाहेर आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार चालणारे ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहे. २०१० मध्ये स्वतंत्र मराठी भाषा विभाग निर्माण झाला. भाषा संचालनालय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये सुरू झालेले साहित्य आणि संस्कृती मंडळ, विश्वकोश निर्मिती मंडळ व राज्य मराठी विकास संस्था या चार यंत्रणा त्याच्याकडे आल्या. भाषेला स्वतंत्र विभाग मिळाला ही गोष्ट स्वागतार्हच होती. परंतु ज्या मंडळाच्या नावातच 'संस्कृती' आहे ते सांस्कृतिक कार्य विभागात नाही, ही विसंगतीही त्यातून निर्माण झाली.

मंत्रालयात बसून पाहिल्यास ही विभागणी फारशी अडचणीची वाटणार नाही, कारण तेथे एक विभाग दुसऱ्याशी पत्रव्यवहार करू शकतो. जिल्ह्यात चित्र वेगळे दिसते. जिल्हा क्रीडा अधिकारी, जिल्हा ग्रंथालय अधिकारी व जिल्हा माहिती अधिकारी ही पदे जिल्हा प्रशासनात रूढ आहेत. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची उभारणी मात्र मुंबईतील मुख्यालय आणि मोजकी विभागीय कार्यालये अशी झाली. जिल्ह्याचा सांस्कृतिक अधिकारी हे पद तिच्यात रुजलेच नाही. या उणिवेचे परिणाम पुढील तीन उदाहरणांवरून स्पष्ट होतात.

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण वारशाचे. जुलै २०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी रायगड व खांदेरी हे दोन किल्ले या एकाच जिल्ह्यात आहेत. रायगड केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे व त्याच्यासाठी २०१७ पासून स्वतंत्र विकास प्राधिकरणही आहे. शिवकाळात १६७९ मध्ये बांधणीस प्रारंभ झालेला, थळच्या किनाऱ्यासमोरचा खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या अखत्यारीत येतो. बेटावर १८६७ पासूनचे दीपगृह आहे, त्यामुळे नौकानयन प्रशासनाचाही तेथे संबंध येतो. बेटावरील वेताळाच्या स्थानाशी कोळी समाजाचे श्रद्धेचे नाते आहे. अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावरून दिसणारा कुलाबा किल्ला पुन्हा केंद्राकडे आहे. या सर्वांचा अलिबागमध्ये एकत्रित विचार करील असा सांस्कृतिक खात्याचा अधिकारी नसल्याने समन्वयाचा भार महसूल यंत्रणेवर पडतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या असंख्य कामांत वारसा हे आणखी एक काम होते.

दुसरे उदाहरण वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे. ही योजना १९५० च्या दशकापासून चालत आलेली आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. पूर्वीच्या तीन श्रेणी रद्द करून दरमहा सरसकट ५,००० रुपये मानधन ठरविण्यात आले. हा निर्णय न्याय्य आहे, कारण स्थानिक पातळीच्या कलावंताला सर्वांत कमी रक्कम देणारी श्रेणीपद्धती त्यामुळे संपली. प्रश्न निवडीचा आहे. योजना सांस्कृतिक खात्याची असली तरी दीर्घकाळ तिचे अर्ज पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जात असत. वय, उत्पन्न व कलेचे पुरावे ही त्या छाननीची मुख्य अंगे होत. प्रमाणपत्रे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांना पुरावा मानणारी पद्धती रंगमंचावरील कलावंताला सोयीची असते. रायगडच्या आगरी-कोळी समाजात लग्नविधीचे धवले गाणारी धवलारीण मात्र ना रंगमंचावर उभी राहते, ना तिला कोणी प्रमाणपत्र देते. तिचे ज्ञान मौखिक असून तिचा श्रोता म्हणजे मांडवातले घर. कागदावर ती कलावंत ठरत नाही. अशा वेळी तिची कला ओळखू शकेल असा जाणकार छाननीच्या जागी असणे आवश्यक आहे. समाजकल्याणाच्या कर्मचाऱ्याकडून ही अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय ठरेल.

तिसरे उदाहरण उलट बाजूचे आहे. १९५४ पासूनची राज्य नाट्य स्पर्धा निरनिराळ्या केंद्रांवर भरते आणि लहान गावांतील हौशी संघांना तिने रंगभूमीची वाट दाखविली. संचालनालय मनावर घेतल्यास मुंबईबाहेर पोहोचू शकते, याचे हे निर्विवाद प्रमाण होय. परंतु हे पोहोचणे नैमित्तिक असते. स्पर्धा आटोपली की संचालनालयाचे त्या ठिकाणचे अस्तित्वही संपते. संघांची नोंद, संहितांचे जतन, तालमीसाठी जागा ही वर्षभराची कामे कोणाचीच राहत नाहीत. संस्कृती उत्सवापुरती उरते ती येथे.

शेजारील राज्यांची तुलना

कर्नाटकात कन्नड व संस्कृती विभाग एकच आहे आणि त्याचे सहायक संचालक जिल्ह्याजिल्ह्यांत असतात. बेळगावातही त्या विभागाचे कार्यालय आहे. सीमाभागातील मराठी भाषकांचे त्या राज्याच्या भाषाविषयक धोरणाशी तीव्र मतभेद आहेत. तरीही भाषा व संस्कृती एकत्र ठेवून जिल्ह्यापर्यंत उतरणारी ती रचना अभ्यासण्याजोगी आहे. गोव्यात कला व संस्कृती संचालनालयाच्या जोडीला मडगाव, कुडचडे, साखळी आदी ठिकाणी रवींद्र भवने उभी राहिली. गोव्याचा आकार लहान असल्याने ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावी लागते. मात्र राजधानीबाहेर कायम स्वरूपाची सांस्कृतिक वास्तू असावी, हा विचार तिच्यातून घेता येतो.

आक्षेपांचा विचार

नवे पद म्हणजे नवी नोकरशाही, असा एक आक्षेप संभवतो. शासन कलेच्या जितके जवळ येईल तितका तिचा संकोच होईल, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाट्यसंहितांचे परिनिरीक्षण करणारे मंडळ याच विभागात आहे, ही गोष्ट त्याला बळ देते. परंतु शासन आजही जिल्ह्यात अनुपस्थित नाही. ते महसूल, समाजकल्याण व पोलीस परवाना या रूपांत कलावंतासमोर येतेच. तेव्हा निवड शासनाची उपस्थिती वा अनुपस्थिती यांतील नसून जाणकार व अजाण उपस्थिती यांतील आहे. अधिकाऱ्याच्या हाती आशयाचे नियमन न देता केवळ नोंद, समन्वय व साहाय्य ही कामे सोपविल्यास दुसऱ्या आक्षेपाची धार बोथट होते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, विभागाच्या यंत्रणा विषयवार सक्षम असल्या तरी जिल्ह्यात त्यांचा मेळ घालणारी व्यवस्था त्यांच्या रचनेत नाही. दोन, २०१० च्या विभागणीनंतर भाषा, ग्रंथालय व कला यांचे प्रशासन तीन विभागांत गेल्याने जिल्हा पातळीवरील समन्वयाची गरज वाढली आहे. तीन, जिल्हा सांस्कृतिक अधिकारी हे पद निर्माण करून त्याच्याकडे लोककलावंतांची नोंद, मानधन अर्जांची जाणकार छाननी आणि वारसास्थळांविषयीचा समन्वय ही तीन कामे प्रथम द्यावीत. चार, महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांना या नोंदीच्या कामात अधिकृत स्थान द्यावे. क्षेत्रीय अभ्यासाची साधने त्यांच्यापाशी आहेत आणि त्यांचे विद्यार्थी याच गावांतून येतात.

किल्ला जागतिक यादीत गेला म्हणजे त्याचे नाव जगाला कळले. धवलारणीचे गाणे मात्र तिच्याबरोबरच संपते. ते नोंदविणारे कार्यालय जिल्ह्यात असावे की नसावे, या प्रश्नाचे उत्तर लांबवता येण्याजोगे नाही.